खोटी सहल: फोटो सोपा, घरी नसणं अवघड

सहलीला न जाता गेल्याचं दाखवायचं असेल, तर फोटो हा त्यातला सगळ्यात सोपा भाग. अवघड असतं ते घरी नसणं. मनालीला गेलोय असं एकदा सांगितलं की मग धरमपेठेत भाजी आणायला जाता येत नाही. गॅलरीत कपडे वाळत घालता येत नाहीत. दूध आणि पेपर बंद करावे लागतात. आणि मे महिन्यातल्या नागपुरात सगळ्यात मोठी अडचण कूलरची. खिडकीतला कूलर सुरू आहे म्हणजे घरात माणूस आहे, हे समोरच्या फ्लॅटमधल्या काकूंना कोणी सांगावं लागत नाही. बंद ठेवावा, तर ४५ अंशांच्या दुपारी दारं-खिडक्या लावून घरात बसायचं कसं?

हे खरंच कोणी करतं का? करतं. पूर्ण खोटी सहल क्वचित. अर्धीमुर्धी मात्र घरोघर दिसते. पचमढीला दोन दिवस जाऊन आलेले फोटो आठवडाभर पुरवून पुरवून टाकायचे. मागच्या वर्षीच्या सिमल्याचे उरलेले फोटो यंदा लावायचे. ऑफिसच्या कामाला हैदराबादला जाऊन चारमिनारसमोर सुट्टीचा फोटो काढायचा आणि खाली काहीच लिहायचं नाही. बघणारा समजायचं ते समजतो. यातलं शेवटचं तर खोटंही म्हणता येत नाही. एक शब्दही चुकीचा बोललेला नसतो.

पूर्ण खोट्या सहलीचं सगळ्यात गाजलेलं उदाहरण २०१४ मधलं आहे. झिला व्हॅन डेन बॉर्न ही नेदरलँड्समधली ग्राफिक डिझाइनची विद्यार्थिनी. पाच आठवडे आग्नेय आशियात फिरायला चालले, असं तिने घरच्यांना आणि मित्रमैत्रिणींना सांगितलं आणि ती अ‍ॅमस्टरडॅममध्येच राहिली. पोहण्याच्या तलावात डुबकी मारून फोटो काढला आणि फोटोशॉपमध्ये भोवती रंगीत मासे टाकले. अ‍ॅमस्टरडॅममधल्याच एका बौद्ध मंदिरात जाऊन फोटो काढले. झोपायच्या खोलीचा एक कोपरा सजवून तिकडच्या हॉटेलची खोली असल्यासारखं तिथून घरच्यांशी स्काइपवर बोलली. खरी गोष्ट फक्त तिच्या मित्राला माहीत होती. हा तिच्या अभ्यासातला प्रकल्प होता. समाजमाध्यमांवर आपण जे दाखवतो ते निवडलेलं आणि घडवलेलं असतं, हे तिला दाखवून द्यायचं होतं.

२०२० मध्ये नतालिया टेलर या अमेरिकन यूट्यूबरने त्याच्याही पुढचं केलं. आयकियाच्या फर्निचर दुकानात सजवून ठेवलेल्या खोल्यांमध्ये फोटो काढले आणि बालीला आले आहे म्हणून टाकले. काही फोटोंत दुकानाचे टॅग मुद्दाम दिसू दिले होते. तरी लोकांनी प्रवासाच्या शुभेच्छा दिल्या.

नागपुरात यासाठी जागांची कमी नाही. कामठीचं ड्रॅगन पॅलेस टेम्पल १९९९ मध्ये जपानी सहकार्यातून उभं राहिलं. तिथला एखादा कोपरा नेमका धरला, तर जपानचा फोटो म्हणून बाहेरच्या माणसाला सहज पटेल. फुटाळा तलावावर संध्याकाळी फ्रेमच्या कडा कापून नुसतं पाणी आणि तांबडा सूर्य घेतला, तर तो कुठल्याही समुद्राचा वाटू शकतो. पण बघणारे कोण आहेत, इथे सगळं अडतं. अनोळखी लोकांसमोर काहीही चालून जातं. आपल्या बघणाऱ्यांत मात्र मावशी असते, शाळेतला मित्र असतो, शेजारचे काका असतात, आणि या सगळ्यांनी ड्रॅगन पॅलेस पाहिलेलं असतं.

तरीही बहुतेक वेळा खपून जातं, याचं कारण माणसाच्या मनाच्या घडणीत आहे. संवादाचे अभ्यासक टिमोथी लेविन यांनी २०१४ मध्ये एक सिद्धांत मांडला. साध्या शब्दांत तो असा: समोरचा सांगतो ते खरं धरूनच आपण चालतो, आणि शंका घ्यायला ठोस कारण मिळाल्याशिवाय ती घेत नाही. असं असणं गरजेचंही आहे. प्रत्येक वाक्य तपासत बसलो तर बाजारहाटही होणार नाही. त्याआधी २००६ मध्ये चार्ल्स बाँड आणि बेला डीपावलो यांनी खोटं ओळखण्याबद्दलचे शेकडो प्रयोग एकत्र करून हिशेब मांडला होता. समोरचा खरं बोलतोय की खोटं, हे लोकांना सरासरी ५४ टक्के वेळाच बरोबर सांगता आलं. नाणं उडवून सांगितलं असतं तर ५० टक्के आलं असतं. ‘मला लगेच कळतं’ असं छातीठोक सांगणाऱ्या प्रत्येकाने हा आकडा लक्षात ठेवावा.

आणि सहलीच्या फोटोवर शंका घेण्याचं कारण तरी काय असणार? त्यात कोणी पैसे मागत नाही. आपण ‘लाइक’चा अंगठा दाबतो आणि पुढे सरकतो.

मुळात कोणाला दाखवायचं असतं?

मला या विषयातला सगळ्यात महत्त्वाचा भाग हा वाटतो. लिऑन फेस्टिंगर या अमेरिकन मानसशास्त्रज्ञाने १९५४ मध्ये सांगितलं की आपलं कसं चाललंय हे मोजायला नेमकी फूटपट्टी हाताशी नसते, तेव्हा माणूस स्वतःची इतरांशी तुलना करतो. आणि ही तुलना तो आपल्यासारख्याच लोकांशी करतो. उद्योगपतीचं कुटुंब स्वित्झर्लंडला गेलं तर आपल्याला काही वाटत नाही. चुलतभाऊ काश्मीरला गेला की वाटतं. दोघांच्या घरात तेवढेच कमावणारे, दोघांची मुलं एकाच वयाची, दोघांचे वडील एकाच खात्यातून निवृत्त झालेले. मग त्याला जमलं ते आपल्याला का नाही?

ही तुलना पूर्वीही होती, पण तिचा वेग वेगळा होता. कोणी फिरून आलं की महिन्याभराने अल्बम यायचा, घरी बोलावून दाखवला जायचा. चहा व्हायचा, ट्रेन किती तास उशिरा पोचली आणि कोणाचं पोट बिघडलं हेही कळायचं. सहल तिच्या कंटाळ्यासकट आपल्यासमोर यायची. इन्स्टाग्रामने ऑगस्ट २०१६ मध्ये चोवीस तासांत नाहीशी होणारी ‘स्टोरी’ आणली, आणि फेब्रुवारी २०१७ मध्ये व्हॉट्सअ‍ॅपचं ‘स्टेटस’ही तसंच झालं. त्याने दोन गोष्टी बदलल्या. सहल घडत असतानाच दाखवायची असते, ही अपेक्षा तयार झाली. मे महिन्यात तुमचं स्टेटस रिकामं असेल तर तेही आता काहीतरी सांगतं. दुसरं म्हणजे, कोणी कोणी पाहिलं याची यादी समोर येऊ लागली. दाखवणाऱ्यालाही कळतं की वहिनींनी पाहिलं आणि काही बोलल्या नाहीत.

२०१२ मध्ये अमेरिकेतल्या युटा राज्यात चाऊ आणि एज या दोन संशोधकांनी विद्यार्थ्यांना फेसबुकच्या वापराबद्दल विचारलं. जे फेसबुकवर जास्त वेळ घालवत होते, त्यांना इतर लोक आपल्यापेक्षा सुखी आहेत असं जास्त वाटत होतं. ज्यांच्या मित्रयादीत प्रत्यक्ष ओळख नसलेले लोक जास्त होते, त्यांना इतरांचं आयुष्य आपल्यापेक्षा चांगलं चाललंय असं अधिक वाटत होतं. ज्यांना आपण प्रत्यक्ष भेटतो, त्यांच्या घरातली भांडणं, आजारपणं, हप्ते आपल्याला माहीत असतात. ज्यांना फक्त फोटोत पाहतो, त्यांचं आयुष्य फोटोएवढंच दिसतं.

नागपुरात या दबावाला उन्हाची जोड मिळते. इथे उन्हाळ्यात बाहेर पडणं ही नुसती हौस नसते, शरीराचीच मागणी असते. विदर्भातल्या शाळाही उन्हामुळे उर्वरित महाराष्ट्रापेक्षा उशिरा, जूनच्या शेवटच्या आठवड्याच्या सुमारास उघडतात, म्हणजे रिकामे दिवस जास्त. एके काळी या दिवसांचं ठरलेलं उत्तर होतं: मामाचं गाव. वर्धा, यवतमाळ, भंडारा, बालाघाट, जिथे आजोळ असेल तिथे. महिना-महिना मुलं तिथे राहायची आणि ‘कुठे गेला होतात’ या प्रश्नाला ते पूर्ण, मानाचं उत्तर होतं. आज ते उत्तर द्यायला लोक कचरतात, कारण मामाच्या घरच्या ओसरीचा फोटो स्टेटसवर काश्मीरच्या फोटोशेजारी बसतो. मला याचं मनापासून वाईट वाटतं. गावाला जाणं थांबलेलं नाही. त्याचा सुट्टी म्हणून असलेला मान गेला.

एप्रिल लागला की सोसायटीच्या फाटकापाशी प्रश्न सुरू होतात. ‘काऊन, यंदा कुठी जाऊन राहिले?’ विचारणाऱ्याच्या मनात काहीच नसतं. तो बोलायचं म्हणून बोलतो. पण ज्याच्या घरी यंदा काही ठरलेलं नाही, त्याला हा प्रश्न दर दोन दिवसांनी येतो, आणि तिसऱ्या-चौथ्या वेळी तोंडातून निघून जातं, ‘बघू, मनालीचं चाललंय.’ बहुतेक खोट्या सहली अशाच, ठरवून नाही तर उत्तर देता देता सुरू होतात.

आणि काही ठरलेलं नाही, याची कारणं काय असतात? पैसा हे एक. पण नुसतं तेवढंच नाही. घरातल्या कोणाची नोकरी गेलेली असते आणि ते अजून आईला सांगितलेलं नसतं. कोणाचे उपचार चालू असतात. विदर्भातून, छत्तीसगडमधून, मध्य प्रदेशातून माणसं उपचारांसाठी नागपुरात येतात, तशी नागपुरातली घरंही त्याच दवाखान्यांत पैसे भरत असतात. लग्न मोडलेलं असतं आणि दरवर्षी दोघांचा येणारा फोटो यंदा येणार नसतो. अशा माणसाला ‘फिरायला गेलो होतो’ हे तीन शब्द पुष्कळ प्रश्नांपासून वाचवतात. त्याच्या खोट्या फोटोमागे बढाई असेलच असं नाही. बऱ्याचदा ते पांघरूण असतं.

आणखी एक प्रकार आहे, त्याबद्दल कमी बोललं जातं. काही जण मिरवण्यासाठी नव्हे, तर एकटं राहता यावं म्हणून बाहेरगावी असल्याचं सांगतात. फोन उचलायचा नाही, लग्नाला जायचं नाही, ऑफिसच्या ग्रुपवर उत्तर द्यायचं नाही. ‘मी दमले आहे, मला आठवडाभर कोणाशी बोलायचं नाही’ हे कारण आपल्या नातेवाइकांत चालत नाही. ‘बाहेरगावी आहे’ हे मात्र सगळ्यांना चालतं. विशेषतः घर आणि नोकरी दोन्ही सांभाळणाऱ्या बायकांना घरात राहून सुट्टी मिळतच नाही. त्या घरात दिसल्या की कामाला लागतात. त्यांनी खोटं बोलू नये असं म्हणण्याआधी त्यांना खरं बोलून सुट्टी मिळेल अशी सोय आपण केलीय का, हे विचारायला हवं.

फोटो काय सांगतो आणि काय नाही

आता तंत्राकडे येऊ. मोबाइलने फोटो काढला की चित्रासोबत त्याच फाइलमध्ये एक माहितीही साठते. तिला ‘एक्झिफ’ म्हणतात. हे मानक १९९५ मध्ये जपानमध्ये तयार झालं. फोटो कोणत्या यंत्राने, किती तारखेला, किती वाजता काढला, आणि लोकेशन सुरू असेल तर कोणत्या अक्षांश-रेखांशावर, हे त्यात असतं. पण व्हॉट्सअ‍ॅपवर नेहमीसारखा फोटो पाठवला की ही माहिती वाटेत गळते. तोच फोटो ‘डॉक्युमेंट’ म्हणून पाठवला तर ती टिकते. इन्स्टाग्राम आणि फेसबुकही लोकांना दिसणाऱ्या फोटोतून ती काढून टाकतात. त्यात तुमच्या घराचा पत्ता कोणाच्याही हाती लागू नये हा मोठा फायदा आहे, आणि त्याचीच दुसरी बाजू अशी की बघणाऱ्याला फोटो कुठला ते पडताळता येत नाही.

पोस्टवर नावाखाली दिसणारं ठिकाण म्हणजे पुरावा, असा बऱ्याच जणांचा समज असतो. तसं नाही. ते ठिकाण टाकणारा माणूस यादीतून स्वतः निवडतो. नागपुरातल्या सदरमध्ये बसून मनालीजवळची ‘सोलांग व्हॅली’ निवडता येते. व्हॉट्सअ‍ॅपचं ‘लाइव्ह लोकेशन’ वेगळं, ते फोनच्या जीपीएसवरून येतं. पण अँड्रॉइडमध्ये जीपीएसलाही खोटी जागा सांगणारी अ‍ॅप्स आहेत.

फोटोतल्या ज्या गोष्टींवर आपला ताबा नसतो, त्या मात्र जास्त बोलतात. त्यात सगळ्यात प्रामाणिक सूर्य. नागपूर साधारण २१.१५ अंश उत्तर अक्षांशावर आहे. त्यामुळे वर्षातून दोनदा, २६ मेच्या सुमारास आणि पुन्हा जुलैच्या मध्यावर, सूर्य आपल्या बरोबर डोक्यावर येतो आणि दुपारी साधारण १२ वाजून १० मिनिटांनी उभ्या खांबाची सावलीच दिसत नाही. यालाच शून्य सावली दिवस म्हणतात. मनाली ३२ अंशांच्या थोडी वर, म्हणजे कर्कवृत्ताच्या बरीच उत्तरेला. तिथे सूर्य कधीच डोक्यावर येत नाही. त्याच मेच्या शेवटच्या आठवड्यात, भर दुपारी, साडेपाच फूट उंचीच्या माणसाची सावली तिथे सुमारे फूटभर पडते, आणि ती उत्तरेकडे. म्हणजे मेअखेर नागपूरच्या गच्चीत भर दुपारी काढलेल्या फोटोत मागे हिमालय बसवला, तरी पायाखालची सावली नागपूरचीच राहते.

सूर्यास्ताचंही असंच. नाताळच्या सुट्टीत गोव्यात सूर्य सहाच्या नंतर दहा-एक मिनिटांनी मावळतो, नागपुरात साधारण अर्धा तास आधीच. आपण पूर्वेला आहोत आणि उत्तरेलाही, दोन्हीचा हा परिणाम. चेन्नईच्या किनाऱ्यावर उभं राहून समोर बंगालच्या उपसागरात बुडणारा सूर्य दाखवला असेल तर तो खोटाच, प्रश्नच नाही. पूर्व किनाऱ्यावर समुद्रातून सूर्य उगवतो.

बाकी खुणा साध्या आहेत. चष्म्यात किंवा गाडीच्या काचेत उमटलेलं प्रतिबिंब. मागच्या गाडीची एमएच ३१ किंवा ४९ ची पाटी, अर्थात नागपूरच्या गाड्या मनालीपर्यंत जातातच, त्यामुळे एवढ्यावरून काही ठरत नाही. भिंतीवरचा आपल्याकडचा तीन गोल भोकांचा प्लग, जेव्हा फोटो दुबईच्या हॉटेलातला म्हणून टाकलेला असतो. तिथे चौकोनी पिनांचे प्लग असतात. झाडं. देवदार साधारण दीड हजार मीटरच्या वर वाढतो, नागपूर समुद्रसपाटीपासून ३१० मीटरवर आहे. सेमिनरी हिल्सच्या झाडीत तो सापडणार नाही.

कृत्रिम बुद्धिमत्तेने यातलं बरंच सोपं करून टाकलंय. सप्टेंबर २०२५ मध्ये गूगलच्या ‘नॅनो बनाना’ या साधनाने बनवलेल्या साडीतल्या फोटोंची देशभर लाट आली होती, आणि त्यात आपल्या आत्या-मावश्याही होत्या. ज्याने तो साडीचा फोटो बनवला, त्याला स्वतःला बर्फात उभं करायला तेवढीच दोन वाक्यं लिहावी लागतात. बोटं सहा आहेत का हे मोजून ओळखायचे दिवस गेले. आता दुसऱ्या बाजूने प्रयत्न चालू आहेत. गूगलची ‘सिंथआयडी’ ही पद्धत २०२३ पासून आहे. ती चित्राच्या ठिपक्यांतच डोळ्यांना न दिसणारी खूण सोडते. २०२१ मध्ये अ‍ॅडोबी, मायक्रोसॉफ्ट, बीबीसी वगैरेंनी मिळून ‘सीटूपीए’ हे मानक सुरू केलं. त्यात फोटो कशाने काढला, नंतर काय बदललं याची नोंद फाइलसोबत चालते. पण स्क्रीनशॉट घेतला की ती नोंद सुटते, आणि आपला ग्रुप चालतो तो स्क्रीनशॉटवरच.

हे सगळं सांगितलं म्हणून कृपया आपल्या जावेच्या फोटोतली सावली मोजायला बसू नका. त्यातून मिळणार काय? ही कौशल्यं खरी लागतात ती पैसे भरण्याआधी. एप्रिल २०२५ मध्ये केंद्रीय गृह मंत्रालयाच्या सायबर गुन्हे समन्वय केंद्राने इशारा दिला होता: केदारनाथचं हेलिकॉप्टर, चारधामची यात्रा, हॉटेल यांच्या खोट्या संकेतस्थळांवरून लोकांना लुबाडलं जात होतं. तिथेही खोटी सहलच विकली जाते, फक्त गिऱ्हाईक आपण असतो. रिसॉर्टचा फोटो आवडला की तो गूगल लेन्समध्ये टाकून बघा. तोच तलाव भलत्याच हॉटेलच्या नावाने निघाला तर आगाऊ रक्कम भरू नका. पैसे गेलेच तर ताबडतोब सायबर गुन्ह्यांसाठीच्या १९३० या मदत क्रमांकावर फोन करा. जितका लवकर फोन, तितकी पुढची देवाणघेवाण गोठवली जाण्याची शक्यता जास्त.

नातेवाइकांपुढे केलेलं सोंग आणि कागदावर केलेलं सोंग यांतही फरक आहे. नोकरीत प्रवास सवलत मिळते, एलटीसी किंवा एलटीए. आयकराच्या जुन्या करपद्धतीत तिची सूट चार वर्षांच्या गटात दोन प्रवासांना मिळते, तीही देशातल्या प्रवासाला आणि फक्त भाड्याला. न केलेल्या प्रवासाची तिकिटं जोडून ती घेणं ही सरळ फसवणूक आहे. त्याने नोकरी जाऊ शकते. स्टेटसवरच्या मनालीने जात नाही.

याची किंमत कोण देतं

सहलीतून आनंद नेमका कधी मिळतो, यावर २०१० मध्ये नेदरलँड्समध्ये येरून नावेन आणि सहकाऱ्यांनी १,५३० जणांचा अभ्यास प्रसिद्ध केला. सहलीला जाणारे लोक जाण्याआधी न जाणाऱ्यांपेक्षा जास्त आनंदी होते. परत आल्यावर दोघांत फारसा फरक उरला नाही. अपवाद एकच: ज्यांची सुट्टी अगदी निवांत गेली होती, त्यांचा आनंद काही आठवडे टिकला. सहल दगदगीची झालेल्यांना परतल्यावर हा फायदा मिळाला नाही.

हे वाचल्यावर सहलीचं सोंग करणाऱ्याचं नुकसान कुठे होतं ते दिसतं. ठरवण्याची मजा त्याला थोडीफार मिळते. नकाशे बघितले जातात, हॉटेलांची नावं पाठ होतात. पण जो निवांतपणा घरी बसून खरोखर मिळू शकला असता, तोच तो घालवून बसतो. रजा घेतलेली असते, मुलं घरी असतात, सकाळी गोकुळपेठेत तर्री पोहे खाऊन येता आलं असतं, रामटेकला, खिंडसीला, सिल्लारीला एका दिवसात जाऊन येता आलं असतं. ते सगळं बंद, कारण कोणीतरी दिसेल. नागपूर एवढं मोठं झालं तरी सीताबर्डीवर ओळखीचं माणूस भेटतंच. परतल्याचं सोंग तर आणखी लांबतं. ‘तिकडून काय आणलं?’ ‘ट्रेन कोणती होती? वेटिंग कन्फर्म झालं का?’ ‘आमच्या भाच्याचं हॉटेल होतं तिथे, सांगितलं असतं तर!’ खऱ्या प्रवासाला शेकडो बारीक शेपट्या असतात, आणि प्रत्येक शेपटी नव्याने बनवावी लागते.

तरी मला खोट्या सहलीपेक्षा कर्जाच्या सहलीची काळजी जास्त वाटते. आधी फिरा, नंतर हप्ते भरा, या योजना आता फोनवर दोन मिनिटांत मंजूर होतात. सोंग करणारा निदान पैसे वाचवतो. दुसरा त्याच प्रश्नाला उत्तर म्हणून पुढच्या उन्हाळ्यापर्यंत व्याज भरतो आणि त्याचे फोटो खरे असल्यामुळे त्याच्याकडे कोणी बोट दाखवत नाही.

घरात मुलं असतील तर मात्र मी हे सोंग करू नका असंच सांगेन, आणि कारण नीतीचं नाही, आठवणीचं आहे. २००२ मध्ये किंबर्ली वेड आणि सहकाऱ्यांनी २० प्रौढांना त्यांच्याच लहानपणचे फोटो दाखवले. त्यांत एक बनावट होता: ते गरम हवेच्या फुग्यात बसलेले. ते कधीच फुग्यात बसले नव्हते, हे घरच्यांकडून आधी विचारून घेतलेलं होतं. तीन भेटींनंतर निम्म्या लोकांना ती फुग्यातली सफर पूर्ण किंवा अर्धवट ‘आठवू’ लागली, काहींना तर बारकाव्यांसकट. तोही फोटो अनोळखी संशोधकांनी दाखवलेला. इथे तर फोटो आईवडील बनवणार, आजी कौतुकाने तो फ्रेम करून लावणार. चार-पाच वर्षांच्या मुलाला मनालीचा बर्फ पुढे आठवेल, आणि त्या आठवड्यात गच्चीवर रात्री गाद्या टाकून आजोबांनी दाखवलेले तारे, जे खरे होते, ज्यांचा फोटो कोणी काढला नाही, ते कदाचित आठवणार नाहीत. मोठ्या मुलांची अडचण निराळी. त्यांना खरं माहीत असतं आणि मित्रांसमोर गप्प राहायचं काम त्यांच्यावर पडतं.

शाळेत जून संपता संपता निबंध येतो, ‘सुट्टीत मी कुठे गेलो होतो’. शिक्षकांना माझी एक विनंती आहे, विषय बदलून पाहा. सुट्टीत कोणाकडे राहिलात, कोणतं काम नव्याने शिकलात, दुपारी ऊन किती वाजेपर्यंत सहन होत होतं, घरासमोर कोणते पक्षी पाणी प्यायला यायचे, असं काही विचारा. वर्गातल्या चाळीसपैकी किती मुलं नागपूरच्या बाहेर गेली होती हे त्या वह्यांवरून कळणार नाही, आणि ते कळायची गरजही नाही.